उघड्या डोक्याचा अंपायर

सोमवार, ६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनच करणार होतो, पण फोनवर तू ओरडायला लागलीस की मी फोन ठेवतो, आणि मी ठेवला की तू भावोजींच्या फोनवरून करतेस. पत्राचं बरं असतं. तुझं ओरडणं दोन-तीन दिवसांनी पोचतं, तोवर निम्मं निवलेलं असतं.

तर बातमी अशी, की टाळकं भाजलं. काल लीगचा सामना होता आणि मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मैदानात उभा. तुला माहीतच आहे, आठवडाभर मी दुकानात दिव्याखाली लोकांची घड्याळं उघडून बसतो, उन्हाचा कवडसासुद्धा अंगावर येत नाही. आणि रविवार उजाडला की अंपायर होऊन सगळं ऊन एका दिवसात खातो. मैदानावर काही कळलं नाही. गरम वाटलं, पण उन्हात गार वाटत नाहीच. घरी येऊन बनियन डोक्यातून काढला आणि असा किंचाळलो की वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी काठी आपटली. लोकांची तळपायाची आग मस्तकाला जाते, माझी मस्तकाची तळपायाला गेली. डोकं, कान, मान, सगळं लालबुंद. शेजारचा नळदुरुस्तीवाला म्हणाला, टूथपेस्ट लावा, थंड पडेल. लावली. पुदिन्याची होती. पुढचं लिहीत नाही.

गंमत म्हणजे माझ्या हातात तीन टोप्या होत्या. गोलंदाजाने षटक टाकायला येताना आपली टोपी अंपायरकडे द्यायची आणि परत न्यायला विसरायचं, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे हातात तीन टोप्या, खिशात एकाचा गॉगल, आणि डोकं उघडं. यष्टिरक्षक म्हणाला, काका, तुम्ही टोप्यांचं दुकान का नाही काढत?

त्या आगीत माझा एक घोटाळाही झाला. चेंडू टप्पा खाऊन सीमेबाहेर गेला, म्हणजे चौकार, आणि मी दोन्ही हात वर करून षटकार दिला. लगेच लक्षात आलं. मग हातांची छातीवर फुली करून ते दोन्ही खांद्यांना लावले. ही ‘मागची खूण रद्द’ची खूण. माडीवरच्या खोलीतून स्कोअरर पांढरी पाटी वर करतात, ती आम्हाला पोच. पोच मिळाल्याशिवाय खेळ पुढे न्यायचा नाही, असा नियमच आहे. आमच्या स्कोअरर म्हणजे टेलरबाई. त्यांनी मुद्दाम वेळ लावला. मी आपला सगळ्या गावासमोर स्वतःला मिठी मारून उभा. मग एकदाची पाटी वर आली. नंतर चहाच्या वेळी म्हणाल्या, चूक कबूल करणारा पुरुष दिसला की जरा जास्त वेळ बघून घ्यावा, पुन्हा कधी दिसेल सांगता येत नाही.

टेलरबाईंचं शिवणकामाचं दुकान माझ्याच गल्लीच्या टोकाला आहे. एकट्याच असतात. आठ वर्षं आमचा स्कोअर लिहितायत. या २६ तारखेला फायनल आहे, ती मलाच दिली आहे, आणि तो त्यांचा शेवटचा सामना. मग दुकान बंद करून मुलीकडे राहायला जाणार, कायमच्या. हे आपलं सहज सांगितलं.

तर डोक्याला काय लावू ते कळव. इतकी वर्षं त्वचेच्या वॉर्डात नर्स आहेस, घरच्यांना काही तरी उपयोग होऊ दे.

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, तो शिव्यांसकट पाठवावा.

तुझा
भाजलेला भाऊ

*

गुरुवार, ९ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद. डोक्यावर हात ठेवून देण्याची सध्या सोय नाही, लांबूनच घे.

टूथपेस्ट लावणारा आणि लावून घेणारा, दोघांना एकाच खाटेवर बांधून ठेवायला हवं. अरे टकल्या, भाजलेल्या कातडीवर टूथपेस्ट नाही, तेल नाही, तूप नाही, बर्फसुद्धा नाही. साधं गार पाणी. मऊ फडकं भिजवून, पिळून डोक्यावर ठेव, गरम झालं की पुन्हा भिजव. मग बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर हलक्या हाताने लाव. पाणी भरपूर पी. फार ठणकलं तर तुला चालणारी साधी वेदनाशामक गोळी घे. फोड आले तर बोटं लावू नकोस, त्याखाली नवी कातडी तयार होत असते. घड्याळजीची बोटं, दिसलं की उघडून बघायची सवय, म्हणून दोनदा सांगते. थंडी वाजून ताप आला, मळमळलं, गरगरलं, तर मला पत्र लिहीत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

आणि भरून येईपर्यंत उन्हात पाऊल टाकायचं नाही. त्यानंतर जाशील तेव्हा घरातून निघायच्या अर्धा तास आधी सनस्क्रीन, चांगलं थापून, कानांच्या पाळ्यांवर, मानेमागे, ओठांवरही. घाम आला की ते जातं, म्हणून दोन तासांनी पुन्हा. आभाळ आलं तरी लावायचं, ढगांमागून ऊन लपूनछपून येतंच. या सगळ्याच्या वर टोपी. टोपी म्हणजे कपाळापुरती चोच असलेली नव्हे, चहूबाजूंनी रुंद कड असलेली.

आता मुद्द्याचं. तुझ्या पत्रात टेलरबाई जागोजाग आहेत, आणि टोपी का घातली नव्हतीस याचं कारण कुठेच नाही. तू विसरभोळा नाहीस. तीन टोप्या हातात धरून उघडा उभा राहणारा माणूस एक तर वेडा असतो किंवा काही तरी लपवत असतो. आपल्या घरात वेड नाही.

थट्टा पुरे. माझ्याकडे रोज कोणी ना कोणी म्हातारा कानावरची न भरणारी खपली घेऊन येतो, आणि प्रत्येक जण सांगतो, अहो सिस्टर, थोडंसं ऊन लागलंय. मला त्या बाकावर तू बसलेला बघायचा नाहीये. समजलं?

लोभ उतू जातोय, झाकण ठेवून घे.

तुझी
ताई

*

बुधवार, १५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी खुर्चीत बस. मी आगीतून फुफाट्यात पडलोय.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. गार फडकं, पाणी, मॉइश्चरायझर, सगळं केलं, आणि डोकं निवलंही होतं. पण लाली जाईना. मग न्हाव्याकडे गेलो. मला कापायला काही नाही हे खरं, पण त्याच्याकडे वर्तमानपत्र फुकट असतं. तो म्हणाला, अर्धं लिंबू चोळा, डोकं नव्यासारखं होईल. रविवारी सकाळी चोळलं. झोंबलं, म्हणजे गुण येतोय असं वाटलं. वरून तुझं सनस्क्रीन लावलं तर लिंबाचा गुण जाईल, म्हणून ते घरीच ठेवलं. आणि गेलो मैदानावर. हो, उन्हात जाऊ नकोस म्हणाली होतीस. वाचलं होतं.

सोमवारी डोक्यावर फोड. आणि नुसते डोक्यावर नाहीत. रस जिथून जिथून ओघळला, कपाळावरून भुवईला वळसा घालून गालावर, तिथून तिथून काळपट-लाल पट्टे आणि त्यावर फोड. चेहऱ्यावर नद्यांचा नकाशा आला आहे. गिऱ्हाईक घड्याळ देताना माझ्याकडे बघत नाही, घड्याळाकडे बघतं.

काल लीगचा सेक्रेटरी दुकानात आला. पट्टा बदलायचं निमित्त. मग खेळपट्टी बघावी तसं वाकून माझं डोकं बघितलं आणि म्हणाला, भेगा आहेत. अशा डोक्याने फायनलला उभे राहिलात तर प्रमुख पाहुणे पळतील. शनिवारी, २५ला पुन्हा बघतो, नाही भरलं तर दुसरा माणूस देतो. म्हणजे मी बाहेर. जोडीला दुसरा अंपायर आमचा शिंक्या आहेच, अपील झालं की ज्याला शिंक येते तो. एका फायनलवर त्याच्यासारखे दोन म्हणजे कल्याणच.

मी बाहेर बसायला तयार आहे ताई, पण ही फायनल नाही. आता विचारतेसच तर सांगतो, हसू नकोस. दोन वर्षांपूर्वी टेलरबाई म्हणाल्या होत्या, लांबून सगळे पांढरे कपडे आणि पांढऱ्या टोप्या एकसारख्या दिसतात, पण तुमचं डोकं चमकतं, त्यामुळे तुम्ही कुठे आहात ते मला लगेच सापडतं. त्या दिवसापासून मी टोपी घातलेली नाही. दरवर्षी थोडाफार सोलवटतो, कोणाला सांगत नाही. यंदा सामने दिवसभराचे झाले, म्हणून पितळ उघडं पडलं.

तुझी भावजय गेल्यापासून मी घरी किती वाजता आलो, कुठे आहे, हे बघणारं कोणी नव्हतं. मैदानावर का होईना, कोणी तरी मला शोधतंय हे बरं वाटायचं. २६ला त्यांना काही तरी सांगावं असं मनात आहे. दुकानात जाऊन सांगणं मला जमणार नाही. मी तीनदा गेलो आणि तीन वेळा पँटची उंची कमी करून आणली. आता पँटी घोट्याच्या वर आल्यात.

लोभ आहे तसाच ठेव. माझ्याकडे सध्या तेवढंच धड आहे.

तुझा
पट्टेरी भाऊ

*

शनिवार, १८ मार्च

श्रीमती टेलरबाई यांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. तुमच्या गल्लीतल्या घड्याळजींची मी थोरली बहीण. नाव-पत्ता नीट माहीत नाही, म्हणून पाकिटावर ‘गल्लीच्या टोकाचं शिवणकामाचं दुकान’ एवढंच लिहिलंय. पोस्टमन शहाणा असला तर पोचेल.

माझ्या भावाचं डोकं दोनदा भाजलं. एकदा उन्हाने, एकदा लिंबाने. लिंबाचा रस कातडीवर असताना ऊन लागलं की कातडी भाजते. सरबतवाल्यांचे असे हात मी वॉर्डात खूप पाहिलेत, पण लिंबू स्वतःहून डोक्याला चोळून उन्हात जाणारा हा पहिलाच. त्याला मी उत्तर लिहिलं आहे, ते इथे सांगण्यासारखं नाही.

तुम्हाला लिहायचं कारण वेगळं आहे. हा गृहस्थ टोपी घालत नाही, कारण त्याचं डोकं चमकतं आणि त्यामुळे तो तुम्हाला सापडतो, असं तुम्ही कधी तरी म्हणाला होतात. हे त्याने मला विश्वासाने सांगितलं आणि मी ते तुम्हाला सांगते आहे. पाप लागलं तर लागो, माझी कातडी जाड आहे. तुम्ही त्याला एकदा हुकूम सोडा, टोपी घाला म्हणून. माझं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तुमचं तो ऐकेल. का ऐकेल, हे मी लिहीत नाही. तुम्ही मापं घेणाऱ्या बाई आहात.

परकीने इतकं हक्काने लिहिलं म्हणून राग नसावा. ओळख झाली तर लोभही होईल.

आपली
घड्याळजींची ताई

*

मंगळवार, २१ मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

पोस्टमन शहाणा निघाला. तुम्हाला ताईच म्हणते, ते बोलताना दर दोन वाक्यांनी ‘आमची ताई’ म्हणतात, त्यामुळे मला सवय झाली आहे.

तुमचं पत्र वाचून आधी हसले. मग मशीन बंद करून ते पुन्हा वाचलं. डोकं चमकतं असं मी म्हणाले होते, खरं आहे. पण ती थट्टा होती हो! त्या थट्टेपायी माणूस दोन वर्षं उन्हात बोडका उभा राहील हे मला काय ठाऊक? मला वाटायचं, मिजास आहे.

त्यांना ओळखायला मला डोकं लागत नाही. बाकीचे अंपायर चौकाराला हात नुसता झटकतात. हे काउंटरच्या काचेवरची धूळ पुसल्यासारखा फिरवतात, सावकाश, कोपरेसुद्धा सोडत नाहीत. वाइड देताना आधी चष्मा सारखा करतात. षटक संपलं की हातातल्या टोप्या मोजतात. पोत्यात घालून उभे केले तरी मी सांगेन, हे कोण ते.

टोपी शिवायला घेतली आहे. माप नजरेनेच घेतलं. आठ वर्षं ते डोकं बघते आहे, टेप कशाला? कड सगळीकडून रुंद आहे, मागे मानेवर झालर, आत मऊ सुती अस्तर. शिवणी बाहेरच्या बाजूला घेतल्यात, आत टोचायला नकोत. फोड भरल्यावर टोपी घासली तर चालेल ना, तेवढं कळवा. नाही तर घेर अर्ध्या बोटाने सैल करते.

राहिलं माझ्या जाण्याचं, ते तुमच्या पत्रात नव्हतं तरी ओळींच्या मागे उभं होतं. मुलगी बोलावते आहे. तिच्या घरी मला खोली आहे, खिडकी आहे, सगळं आहे. इथे थांबा असं कोणी म्हटलं नाही, म्हणून मी तिला हो म्हटलं. सामान बांधून झालं, मशीन तेवढं राहिलंय. माझी सवय तुम्हाला सांगते ताई. मैदानावर काय झालं ते मला वरून दिसत असतं, चेंडू कुठे गेला तेही दिसतं. पण अंपायरची खूण आल्याशिवाय मी वहीत काही लिहीत नाही. अंदाजाने लिहिलेला स्कोअर चुकतो.

तुमच्या हक्काने लिहिण्याचा राग आला नाही. इकडूनही लोभ सुरू झाला असं समजा.

आपली
स्कोअरर

*

गुरुवार, २३ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रातल्या शिव्या पोचल्या असतील. आता कामाचं. फोड बसले, खपल्या पडल्या असं कळवलंस, बरं झालं. आतून आलेली गुलाबी कातडी तान्ह्या पोरासारखी असते, तिला ऊन सोसत नाही. पट्टे काही महिने राहतील, राहू देत. कोणी विचारलं तर वाघाशी झुंज झाली म्हणून सांग.

तुझ्याकडे एक टोपी येईल. कोणाकडून ते विचारू नकोस. ती घालायची, आणि तिच्या खालीही सनस्क्रीन लावायचं. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा. लिंबू खायचं असेल तर तोंडाने खायचं.

आणखी खूप सांगायचंय, पण एका बाईचं पत्र मी दुसऱ्याला दाखवणाऱ्यातली नाही. तुझ्याच नियमांच्या पुस्तकातलं एक वाक्य तुला आठवून देते. खूण केल्याशिवाय पोच येत नाही. किती दिवस पँटी आखूड करणार आहेस?

लोभाबरोबर जरा धीरही पाठवते आहे, जपून वापर.

तुझी
ताई

*

सोमवार, २७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टोपी शुक्रवारी दुकानाच्या कडीला पिशवीत टांगलेली मिळाली. चिठ्ठी नाही, काही नाही. घातली तर अशी बसली की मी आरशासमोरून हलेना. मोजमाप न देता! शनिवारी सेक्रेटरीने डोक्यावरून बोट फिरवून बघितलं, खेळण्यायोग्य म्हणाला, आणि मी फायनलला उभा राहिलो.

सकाळी कानांच्या पाळ्यांपासून मानेपर्यंत थापलं होतं. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा ट्यूब काढली, तर एक-एक करत दोन्ही संघ रांगेत आले. आधी थट्टा करत होते, मग मागत होते. तुझी ट्यूब संपली. आभाळ अजिबात आलेलं नव्हतं, पण सांगतो ताई, डोकं गार राहिलं. खेळही छान झाला. एकच वाईट वाटत होतं, की आता बाईंना मी कसा सापडणार? पण दर खुणेला पाटी अशी झटकन वर यायची, की हात खाली यायच्या आत पोच हजर.

शेवटचा गडी बाद झाला. मी बेल्स उचलल्या. लोक हात मिळवायला लागले. मी वर बघितलं तर बाई खिडकीत वह्या आवरत होत्या. वाटलं, आता जिना चढून वर जावं. पण मी मला ओळखतो, वर जाऊन मी पँटबद्दल बोललो असतो.

म्हणून तिथेच, खेळपट्टीच्या मधोमध, टोपी काढून खाली ठेवली, म्हणजे चमकल्यावर त्यांना दिसेन. आणि हातांची फुली करून ते दोन्ही खांद्यांना लावले. मागची खूण रद्द. तुम्ही घेतलेला निर्णय रद्द करा, जाऊ नका.

इकडे भलताच गोंधळ! जिंकलेल्या संघाला वाटलं, निकाल रद्द झाला. हरलेला कप्तान आशेने धावत आला. शिंक्या म्हणाला, अरे, सामना संपलाय, काय रद्द करतोस? आणि शिंकला. मी खिडकीकडे बघत होतो.

बाईंनी बघितलं. आणि डोक्याला हात लावला.

संपलं, म्हटलं. बाईंनी माझ्यापुढे हात टेकले. पण त्या हात काढीनात, उलट दोनदा डोक्यावर थोपटलं. मग उजेड पडला. टोपी! मी टोपी घातली आणि पुन्हा फुली करून उभा राहिलो. तर बाई खिडकीतून नाहीशा झाल्या.

किती वेळ उभा होतो माहीत नाही. मैदान रिकामं झालं. सेक्रेटरी खुर्च्या मोजायला लागला. घड्याळजी असून मी हाताला बांधलेल्या घड्याळाकडे बघितलं नाही, कारण बघायला हात काढावा लागला असता. मला इतकी भीती तुझ्या भावजयीच्या आजारपणानंतर कधी वाटली नव्हती, हे तुला म्हणून सांगतो.

मग पांढरी पाटी वर आली. दोन्ही हातांनी धरलेली.

बाकीचं भेटीत. इतका वेळ का लावला हे मी विचारलं, तर म्हणाल्या, तुमच्या ताईला कळवीन. तुझा आणि त्यांचा पत्रव्यवहार आहे हे मला तेव्हा कळलं. तुझ्याशी याबद्दल भांडायचं होतं, पण सध्या राग येत नाहीये.

लोभ आता वाटून घ्यावा लागेल, तयारी ठेव.

तुझा
टोपीवाला भाऊ

*

मंगळवार, २८ मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

ते तुम्हाला सांगतील की मी त्यांना मुद्दाम उभं केलं. मागे एकदा केलं होतं, म्हणून त्यांचा विश्वास बसत नाही. या वेळी तसं नव्हतं. सामना संपला तशी मी पाटी बॅगेत तळाशी घातली होती, आठवण म्हणून मुलीकडे न्यायची होती. वर वह्या, त्यावर डबा, शाल, सुयांची पेटी. खाली त्यांची खूण दिसली आणि पाटी हाताला लागेना. नुसता हात हलवून पोच दिली असती तरी चाललं असतं, पण त्या क्षणी सुचलं नाही. डोळ्यांनाही नीट दिसत नव्हतं. शेवटी अख्खी बॅग जमिनीवर उलटी केली.

तुमचे बंधू आता समोर बाकावर बसलेत. पँटींची दुमड उसवून त्या पुन्हा पायापर्यंत आणायच्या आहेत. कानांना क्रीम लावलं का विचारलं, तर लावलं म्हणतात. डाव्या कानाला लावलेलं नाही, मला इथून दिसतंय.

मुलीला रात्री फोन केला. ती आधी रुसली, मग तिने विचारलं, त्यांचं डोकं खरंच चमकतं का?

तुमचा लोभ मिळाला तसा राहू द्या. बॅग अजून उलटीच पडली आहे, आणि मी ती भरणार नाही.

आपली
स्कोअरर